बांधावरची बोर

पौषात चोपड्याच्या बाजारात दोन तऱ्हेची बोरं दिसतात. हातगाडीवर हिरवीगार, पेरूशी स्पर्धा करणारी ॲपल बोरं. खाली गोणपाटावर सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली रानबोरं. पहिली नुसती पाणचट. दुसऱ्यांत गर कमी, बी मोठी, पण आंबटगोड चव जिभेवरून हलत नाही. मी खालीच बसतो. (अलीकडे माप लहान झालंय, भाव नाही.)

*

फांदी जवळून पाहावी. पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी: एक सरळ, दुसरा मागे वळलेला. सरळ टोचतो, वाकडा धरून ठेवतो. हात आत घालताना काही वाटत नाही, काढताना कळतं. म्हणून तर कुंपणाला बोराटी. पान वरून तुकतुकीत, खालून पांढरट लवदार. शेळ्या ते काट्यांतून नेमकं खुडतात. ओठ कसे सांभाळतात, त्यांनाच ठाऊक.

*

उन्हाळ्यात केळीचं ठिबक थांबलं की शेतकऱ्याचा जीव टांगणीला. बोर पानं गाळून स्वस्थ. मुळं खोल गेलेली. फूल-फळ येतं ते नव्या फुटीवर, म्हणून एप्रिल-मेमध्ये छाटणी. जुन्या फांद्यांची माया केली की बोरं बारीक.

*

१९९० मध्ये राज्यानं फळबाग लागवडीला रोजगार हमीची जोड दिली. त्या यादीत बोरही होती. रानबोरीच्या खुंटावर उमराण वाणाचा डोळा भरायचा: मूळ रानातलं, फळ बाजारातलं. हिशेब चोख. फळमाशीलाही तो आवडला. तिची अळी फळातून उतरून मातीत कोष करते. झाडाखालची जमीन उन्हाळ्यात नांगरून तापू दिली तर बराच बंदोबस्त होतो. तरी बोर फोडून, आत बघूनच तोंडात टाकावं.

*

जळगावच्या मेहरूणचं नाव बोराच्या एका वाणाला आहे. मेहरूण आता शहरात. बोरीच्या जागी प्लॉट पाडायला सातबारा लागतो, बोर लावायला नुसती बी पुरते.

*

बांध कोरून कोरून पाऊलवाटेएवढे उरले. जेसीबी आला की पहिली बोर जाते. मग तारेचं कुंपण विकत, शेळीचा पाला विकत, पोरांना बोरंही विकत.

*

संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाणं. चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, हलवा आणि बोरं. ॲपल बोरं ओतली तर पोराच्या डोक्याला टेंगूळ यायचं. त्या दिवसांत तरी रानबोरांना गिऱ्हाईक मिळतं.