कात टाकण्याची घाई

दिवाळी जवळ आली की घराला रंग लागतो, पितळेची भांडी चिंचेने लखलखतात. मग चेहऱ्यानेच काय घोडे मारले आहे? गेल्या दिवाळीला रोह्याची माझी भाची आमच्याकडे पेणला आली ती आम्लाची एक बाटली घेऊनच. ‘‘मामा, हे रोज लावलं की रंग उजळतो,’’ ती म्हणाली. दिवाळीनंतर तिला पाहायला येणार होते. रात्री आम्ल, सकाळी लिंबू पिळलेले उटणे असा तिचा क्रम. नरकचतुर्दशीला गाल लाल होऊन सोलवटले.

वास्तविक ही आम्ले आपल्याला परकी नाहीत. चिंचेत टार्टारिक, ताकात लॅक्टिक, उसात ग्लायकोलिक. व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी 1974 साली ती त्वचारोगावर उपयोगी पडतात हे दाखवले. मृत पेशींनी एकमेकींना धरलेली पकड ती सैल करतात, एवढेच. त्वचा हे काम आपणहून करीतच असते. महिन्याभरात वरचा थर बदलतो.

आमच्या पेणला गणपतीची मूर्ती वाळली की कारागीर तिच्यावर काचकागद फिरवतो. खडबड गेली की हात थांबतो. आणखी फिरवला तर नाकाचा शेंडाच जायचा! आम्लाचेही तसेच. ग्लायकोलिक असेल तर घरच्या वापराला 10 टक्क्यांहून अधिक नको, सामू 3.5 च्या खाली नको. लिंबाचा सामू 2 च्या आसपास, म्हणजे सुमारे तीसपट तिखट. शिवाय ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहावे. मग आठवड्यातून एकदा-दोनदा, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर. वर साधे मॉइश्चरायझर. त्या दिवशी उटणे किंवा रेटिनॉल नको. दिवसा सनस्क्रीन हवेच, कारण आम्लाने त्वचा उन्हाला हळवी होते. आम्ल थांबवल्यावरही आठवडाभर जपावे. जळजळ टिकली तर धुऊन टाकावे आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

डाग याने फिके होतील, वर्ण मात्र जन्माचाच राहणार. भाचीचे गाल निवल्यावर मी बहिणीला सांगितले, ‘‘पाहुण्यांना अवश्य बोलाव. पण मुलगी सावळी आहे हे आधीच कळव. ज्यांना चालत नसेल त्यांचा निदान गाडीखर्च तरी वाचेल!’’