उकळलेल्या हाडांतून गेलेले

शरीररचनाशास्त्र विभागात हाडे तयार करण्याच्या कामाला फारसा मान नाही. मला मात्र ते आवडते. मांस सोडवायचे, हाडे पाण्यात कुजत ठेवायची किंवा मंद आचेवर उकळायची, चरबी काढायची, हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळायची. मग तो पांढराशुभ्र संच घेऊन पहिल्या वर्षाची मुले खाचाखोचा पाठ करत बसतात. या खटाटोपात कूर्चा गेलेली असते, याचे कुणाला सोयरसुतक नाही. टांगलेल्या सांगाड्यात बरगड्यांना पुढून छातीच्या हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्या तर बहुधा बनावटच असतात.

म्हणून मी मुलांच्या हाती आधी ओला गुडघा देतो. फॉर्मलिनने जरा पिवळसर पडलेला असला तरी मांडीच्या हाडाचा शेवट बोटाखालून सुळकन निसटतो. ही हायलाइन कूर्चा, जेमतेम काही मिलिमीटर जाड. सुरी तिच्यातून सरळ, गुळगुळीत जाते. शेजारच्या अर्धचंद्राकृती मेनिस्कसमध्ये तीच सुरी अडते, चिवट तंतू हाताला कळतात. ती फायब्रो, मणक्यांमधल्या चकतीतही तीच. तिसऱ्या, लवचिक जातीसाठी कापाकापी नकोच. स्वतःचा कान दुमडून सोडा.

मग मांडीचेच हाड वरच्या टोकाकडून उभे चिरतो. बाहेर घट्ट कवच, आत जाळी. त्या जाळीच्या कमानी पाहून 1860च्या दशकात झुरिकच्या कुलमान या अभियंत्याला आपल्या आकृत्यांतल्या ताण-दाबाच्या रेषा आठवल्या. भार बदलला की हाड आपली घडणही बदलते, हे शल्यविशारद वोल्फने 1892 मध्ये मांडले. हाडात रक्त खेळते, म्हणून ते मोडले तरी सांधते. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. सांध्यातली कूर्चा वंगणातून झिरपेल त्यावर जगते. एकदा गेली की भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटरने 1743 मध्येच लिहून ठेवले. ‘गादी झिजली’ म्हणतात ती हीच, आणि साध्या एक्स-रेत ती दिसतसुद्धा नाही. दिसते ती दोन हाडांमधली कमी झालेली फट.

हाडांची प्लास्टिकची नक्कल चालून जाते. ओल्या सांध्याची चालत नाही, तो देहदानातून मिळतो. अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. भरलात तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी महाविद्यालयाला फोन त्यांनाच करावा लागतो.