काचेच्या छताखालचा गारवा आणि टेकायला बाक

सिंगापूरला मुलांकडे महिना-दोन महिने राहायला जाणारे मराठी आईवडील आता प्रत्येक सोसायटीत भेटतात. तिथे गेल्यावर त्यांना फिरायला नेण्याच्या ठिकाणांत ‘गार्डन्स बाय द बे’ हे उद्यान बहुधा पहिले असते. मी तिथे गेले ती सासूबाईंना घेऊन. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी रोज चालू. अशा व्यक्तीच्या पावलाने चालू लागले की उद्यान निराळेच दिसते. वरच्या शोभेआधी पायाखालची फरशी, पुढचा बाक आणि स्वच्छतागृहाची पाटी नजरेस पडते.

समुद्र हटवून तयार केलेल्या जमिनीवर हे उद्यान वसले आहे. त्याचा मुख्य भाग ‘बे साउथ’ ५४ हेक्टरांचा, म्हणजे सुमारे १३३ एकरांचा असून तो जून २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. ग्रँट असोसिएट्स आणि विल्किन्सन आयर या ब्रिटिश संस्थांनी अनुक्रमे उद्यानाची व काचघरांची रचना केली. पहिले काचघर ‘फ्लॉवर डोम’. १.२ हेक्टरांवर पसरलेल्या या घरात भूमध्य समुद्राकाठच्या थंड, कोरड्या हवेतली झाडे आहेत. शेकडो वर्षे जगणारे ऑलिव्ह आणि आपल्या गोरखचिंचेची भावंडे एकाच छताखाली उभी आहेत. दुसरे घर ‘क्लाउड फॉरेस्ट’. त्यात ३५ मीटर उंचीचा मानवनिर्मित डोंगर, त्यावरून कोसळणारा धबधबा, आणि नेचे, ऑर्किड व शेवाळ यांनी झाकलेले त्याचे कडे आहेत.

विषुववृत्ताजवळच्या गावी, जिथे बारा महिने दुपारचा पारा तिशीपार आणि हवा घामट, तिथे काचेचे घर बांधून आत गारवा राखायचा हा खटाटोप वरवर पाहता उधळपट्टीचा वाटतो. मलाही तशी शंका होतीच. तिचे उत्तर रचनेत बऱ्याच अंशी सापडते. काचेवर असा लेप आहे की झाडांना लागणारा प्रकाश आत येतो, पण उष्णतेचा मोठा भाग बाहेरच राहतो. ऊन फार चढले की पडदे आपोआप उलगडतात. थंड हवा जड असल्याने खाली राहते, हा साधा नियम इथे कामी आणला आहे. फरशीखालून थंड पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत, त्यामुळे माणसे आणि झाडे जिथे आहेत तो खालचा थरच तेवढा गार होतो. वर जमा होणारी उष्ण हवा छतातून बाहेर सोडली जाते. मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो, ते ओल शोषून घेतात. तसेच येथे ओल शोषणाऱ्या द्रावाने हवेतली आर्द्रता आधी काढून घेतली जाते. कोरडी हवा थंड करायला वीज कमी लागते.

मग तो द्राव पुन्हा सुकवायला उष्णता कुठून आणतात? या प्रश्नापाशी मी सर्वांत अधिक रेंगाळले, कारण त्याचा संबंध माझ्या दवाखान्याशी आहे. सिंगापूरच्या रस्त्यांकडेच्या आणि बागांमधल्या झाडांची छाटणी होते, त्या फांद्या-लाकडांचा कचरा उद्यानातल्या बंद भट्टीत जाळला जातो. त्यातून वीज निर्माण होते, उरलेली उष्णता त्या द्रावाला सुकवते आणि राख खत म्हणून वापरली जाते. भट्टीचा धूर गाळून एका पोलादी झाडाच्या पोकळ खोडातून उंचावर सोडला जातो. आपल्याकडे हाच पालापाचोळा पहाटे रस्त्याच्या कडेला पेटवला जातो. हिवाळ्यातली थंड हवा जमिनीलगत बसलेली असते, त्यामुळे तो धूर वर न जाता खिडक्यांतून घरात शिरतो. दम्याच्या आणि जुन्या श्वसनविकाराच्या वृद्ध रुग्णांची त्या दिवसांतली गर्दी मी दरवर्षी पाहते. पाला तोच. एका ठिकाणी त्याची वीज होते, दुसऱ्या ठिकाणी खोकला. भट्टी उभारणे आपल्या सोसायटीच्या आवाक्यात नसेल, पण खताचा खड्डा किंवा जाळीचा पिंजरा निश्चित आहे.

ती पोलादी झाडे, म्हणजेच ‘सुपरट्री’, एकूण अठरा आहेत आणि त्यांची उंची २५ ते ५० मीटर आहे. त्यांच्या अंगावर वेली आणि नेचे चढवले आहेत. काहींच्या माथ्यावर सौरपट्ट्या आहेत, तर काही काचघरांची उष्ण हवा बाहेर टाकणारी धुराडी आहेत. दोन सुपरट्रींना जोडणारा २२ मीटर उंचीवरचा झुलता मार्गही आहे. चक्कर येण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी त्याचा मोह टाळलेला बरा. खालच्या सावलीत बसून वर पाहण्यातही तितकाच आनंद आहे.

उद्यानात तळी आहेत, त्यांपैकी एकाचे नाव चतुरांवरून तर दुसऱ्याचे खंड्या पक्ष्यावरून ठेवले आहे. बागेतून वाहणारे पावसाचे पाणी काठच्या लव्हाळ्यांतून गाळले जाते. त्यातील खतांचे अंश वनस्पती शोषून घेतात आणि मग ते शेजारच्या मरीना जलाशयाकडे जाते. डेंग्यूच्या साथी सोसलेल्या शहरात एवढे पाणी उघडे ठेवणे धोक्याचे नाही काय? पाणी हलते ठेवले, त्यात मासे असले आणि चतुरांची पिल्ले डासांच्या अळ्या फस्त करू लागली, तर धोका खूप कमी होतो. साचलेल्या कुंडीतले वाटीभर पाणी अशा जिवंत तळ्याहून अधिक घातक असते, हे घरोघरी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता सासूबाईंविषयी. गेली दोन वर्षे त्यांनी आमच्या घराजवळच्या बागेत जाणे सोडून दिले होते. तिथले स्वच्छतागृह कायम कुलूपबंद, बाकांच्या फळ्या निखळलेल्या आणि वाटेवरच्या फरश्या उचकटलेल्या. बाहेर पडायचे म्हटले की त्या सकाळपासून पाणी पिणे बंद करत, कधी गोळीही चुकवत. असे करणारे वृद्ध माझ्याकडे नेहमी येतात. परिणामही ठरलेले: लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, उभे राहताना रक्तदाब घसरून येणारी चक्कर, क्वचित भ्रम. शेवटी घरात बसणेच सुरक्षित वाटू लागते. मग मांड्यांचे स्नायू झपाट्याने ओसरतात आणि पुढचे पडणे जवळ येते. बागेच्या दाराला लागलेले एक कुलूप असे शरीरापर्यंत पोहोचते.

सिंगापुरात त्या पहिल्या वळणावर थांबल्या आणि म्हणाल्या, “पुढे बसायला आहे ना गं? मग चल.” पुढे बसायला होते, त्याच्याही पुढे होते. ‘क्लाउड फॉरेस्ट’मध्ये उद्‌वाहनाने थेट डोंगरमाथ्यावर जाता येते आणि मग उताराच्या मार्गांनी हळूहळू खाली उतरता येते. गुडघेदुखीच्या माणसासाठी चढ टाळणारी ही योजना फार मोलाची. उतारावर मात्र कठड्याचा आधार घ्यावा, कारण उतरताना गुडघ्यांवर ताण येतो आणि तुषारांमुळे फरशी ओलसर असते. थांबत, बसत, घोट घोट पाणी पीत त्या दीड तास चालल्या. माझ्या आठवणीत गेल्या दोन वर्षांत त्या इतक्या चालल्या नव्हत्या.

आपल्या घरच्या ज्येष्ठांना तिथे नेणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. काचघरांना तिकीट आहे. बाहेरची बाग मोफत असून पहाटे पाचपासून खुली असते. बाहेरची बाग सकाळी लवकर पाहावी आणि ऊन चढले की काचघरात शिरावे. आत तापमान २३ ते २५ अंशांच्या आसपास असते. घामेजल्या अंगाने एकदम गारव्यात जाऊ नये, दाराशी पाच मिनिटे थांबून घाम टिपावा आणि शाल जवळ ठेवावी. दम्याचा पंप पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी असावा. परत बाहेर येताना चष्म्यावर वाफ धरते, तेव्हा ती पुसल्याशिवाय पायरी उतरू नये. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे, कारण वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी ते पाळावे. व्हीलचेअर घेण्यात संकोच नको. अर्धा वेळ तिच्यात बसून अर्धा वेळ तिला धरून चालता येते.

या झगमगाटाविषयी आक्षेप घेता येतील. कितीही काटकसर केली तरी उष्ण कटिबंधात थंड काचघर चालवायला ऊर्जा लागतेच, आणि एवढा खर्च प्रत्येक शहराला परवडणारही नाही. परंतु मला तिथे सर्वांत अनुकरणीय वाटली ती एक अगदी साधी गोष्ट. महिन्यातल्या ठरावीक दिवशी काचघरे देखभालीसाठी बंद ठेवली जातात आणि ते दिवस आधी जाहीर होतात. देखभाल हा तिथे वेळापत्रकाचा भाग आहे. बिघाड झाल्यावर धावाधाव करण्याची वाट पाहिली जात नाही.

आपल्या प्रभागातल्या बागेला, नाट्यगृहाला किंवा सभागृहाला काचेचा घुमट नको आहे. दाट सावली, पाठ आणि हात असलेला बाक, सपाट न घसरणारी वाट, पिण्याचे पाणी आणि उघडे, स्वच्छ शौचालय एवढ्याने पुष्कळ साधते. हात असलेला बाक यासाठी की उठताना त्यावर जोर देता येतो. वाचकहो, या पाच गोष्टींची यादी घेऊन एकदा जवळच्या बागेत फिरून या. जे नाही ते लिहून काढा, ज्येष्ठ नागरिक संघातर्फे तो अर्ज प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. महिन्याने पुन्हा जाऊन विचारा. तेवढेच चालणेही होईल.