नोव्हेनाचे नऊ दिवस

संकटकाळी प्रार्थना करावी, हे आम्ही वेदीवरून नित्य सांगत आलो आहोत. प्रार्थनेबरोबर आणखी काय करावे, हे सांगावयास मात्र आम्ही एकदा चुकलो. त्याची ही कबुली.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी सायंकाळच्या मिस्सानंतर इंदूरच्या आमच्या धर्मग्रामातील एक माउली भेटावयास आली. तिचा मुलगा युक्रेनमधील खारकीव्ह शहरी वैद्यकीचे शिक्षण घेत होता. ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तूर्त देश सोडण्याचा विचार करावा, असे तेथील भारतीय वकिलातीने त्याच दिवशी सुचविले होते.

"फादर, त्याला बोलावून घेऊ का? वर्ग बुडाले तर भरलेली फी वाया जाईल हो," ती म्हणाली.

"बाई, देवावर भार टाका. आजच नोव्हेना सुरू करा," आम्ही उत्तरलो.

२२ तारखेस वकिलातीने पुन्हा बजावले की, ऑनलाइन वर्गांविषयी विद्यापीठाच्या निर्णयाची वाट न पाहता विद्यार्थ्यांनी निघावे. २३ तारखेस नोव्हेना संपली. २४ च्या पहाटे युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांस बंद झाले.

मुलगा तळघरात अडकला. १ मार्च रोजी त्याच शहरात, खाण्याच्या वस्तू आणावयास बाहेर पडलेला कर्नाटकातील एक विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्या दिवशी वकिलातीने खारकीव्हमधील भारतीयांस, वाहन न मिळाल्यास पायी चालत, पिसोचिनसारख्या जवळच्या गावी जाण्यास सांगितले. या वेळी मुलगा थांबला नाही. तो चालत निघाला. पुढे 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने तो सुखरूप मायदेशी परतला.

"फादर, तुमची नोव्हेना फळास आली," असे म्हणत माउली कृतज्ञतेची मिस्सा सांगावयास आली, तेव्हा आमची मान वर होईना.

हेरोदाच्या भयाची सूचना स्वप्नात मिळताच संत योसेफ त्याच रात्री उठला आणि बाळ व माता यांस घेऊन परमुलखी निघाला. त्याने सकाळ होऊ दिली नाही. त्याची श्रद्धा आमच्याहून उणी होती काय?

आता परदेशी जाणाऱ्या मुलांस आशीर्वाद देताना आम्ही विचारतो: वकिलातीत नाव नोंदविलेस का? पारपत्र, त्याची प्रत, थोडी रोकड व औषधे एका पिशवीत ठेवशील ना? घरी रोज खुशाली कळविण्याची वेळ ठरली का? आणि सांगतो, निघण्याची सूचना आली की फीचा हिशेब मागाहून करावा.

नोव्हेना आम्ही आजही सांगतो. पण आधी तिकीट काढावयास लावून.