‘चिंचपोकळी’ हा शब्द संगणकावर चित्र कसा होतो? (थ्रेड)

१/ मध्य रेल्वेवर भायखळा आणि करी रोड यांच्यामध्ये चिंचपोकळी. १९२० साली स्थापन झालेल्या इथल्या मंडळाच्या ‘चिंतामणी’मुळे हे नाव सर्वदूर पोहोचले. उत्सवाच्या दिवसांत पावत्या, आमंत्रणे, शुभेच्छापत्रे चित्ररूपाने मोबाइलवरून फिरतात. त्यांतील पुष्कळ चित्रे कोणी हाताने रेखाटत नाही. संगणकातला प्रोग्राम ती तयार करून साठवतो. या साध्या क्रियेमागे मोठा इतिहास आहे.

२/ आज्ञेनुसार चित्र घडवण्याची कल्पना गिरणगावाला परकी वाटू नये, कारण ती मागावर रुजली. १८०४च्या सुमारास फ्रान्समधील ल्यों येथे जोसेफ-मारी जॅकार याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तिथे उभा धागा उचलला जाई, नसेल तिथे तो खालीच राही. १८३९ साली सुमारे २४,००० पुठ्ठ्यांच्या आधारे खुद्द जॅकारचे चित्र रेशमात विणले गेले. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजच्या संग्रही होती.

३/ आजचा प्रोग्रामही अशीच वीण घालतो. तो प्रथम संगणकाच्या स्मृतीत बिंदूंची चौकट आखतो. १२०० बाय ८०० आकाराच्या चौकटीत ९,६०,००० बिंदू असतात. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांसाठी प्रत्येकी १ बाइट धरला, तर ३८,४०,००० बाइट होतात. या चौकटीवर पार्श्वभूमी, नक्षी व नाव उमटते आणि मग ती फाइल म्हणून साठवली जाते.

४/ साठवण्याच्या रीतींनाही इतिहास आहे. जीआयएफ १९८७ची, जेपीईजी १९९२ची, पीएनजी १९९६ची. जेपीईजी जागा वाचवताना थोडा तपशील टाकून देते. छायाचित्रात ते खपते. अक्षरांच्या कडा मात्र मळकट होतात आणि पुन्हा पुन्हा साठवले की आणखी बिघडतात. पीएनजी एकही बिंदू गमावत नाही. म्हणून अक्षरांच्या चित्रासाठी ती योग्य.

५/ खरी परीक्षा अक्षरांची. ‘चिंचपोकळी’ या शब्दात संगणकाच्या लेखी ९ चिन्हे आहेत: च, ि, ं, च, प, ो, क, ळ, ी. उच्चारात पहिली वेलांटी ‘च’नंतर येते, लिहिताना ती ‘च’च्या आधी काढावी लागते. चिन्हे आली त्याच क्रमाने मांडणारा प्रोग्राम ती वेलांटी पुढच्या ‘च’ला चिकटवतो आणि वाचावे लागते ‘चचिंपोकळी’. पायथनच्या पिलो या साधनातही ‘रॅक्म’ची जोड नसेल तर असेच घडते.

६/ छापखान्यातल्या जुळाऱ्यापुढे हा प्रश्न नव्हता. तो दिसेल त्या क्रमाने खिळे लावी. डीटीपीच्या काळातील अनेक मराठी फॉन्टांनी हीच रीत उचलली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कागदावर मजकूर सुबक छापला जाई. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर मात्र निरर्थक चिन्हांची रांग दिसे.

७/ दुसरी वाट उच्चारक्रमाची होती. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षीच्या युनिकोडमध्ये इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवर बेतलेली देवनागरी आली. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घरोघरी गेला. तो घडवला कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतील अध्यापक र. कृ. जोशी यांनी.

८/ दरम्यानच्या काळात लोकांनी व्यवहार्य तोडगा काढला: मजकूर चित्र म्हणून साठवायचा. चित्र कुठेही सारखेच दिसते. फॉन्टच्या गोंधळातून शब्दाचे रूप अशा प्रकारे वाचले. पण चित्रातला शब्द शोधता येत नाही, दुसरीकडे उतरवता येत नाही. संगणकाला तो शब्द म्हणून ठाऊकच नसतो.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाला इथे धास्ती वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे २.५ लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी मनोरे आले. शोकसभांची पत्रके, मंडळांचे अहवाल, चाळींतल्या कार्यक्रमांच्या पत्रिका हे या वस्तीचे दफ्तर. नंतरच्या काळात त्यांतले बरेचसे चित्ररूपातच निर्माण झाले. त्या चित्रांवर नाव, वर्ष, ठिकाण नसेल, तर पन्नास वर्षांनी ती मुकी राहतील.

१०/ उपाय अवघड नाही. पीएनजी फाइलच्या पोटात युनिकोड मजकूर ठेवण्याची सोय आहे. प्रोग्रामने चित्रावर उमटवलेला मजकूर, तारीख आणि स्थळ तिथेही लिहावे, शिवाय शेजारी साध्या मजकुराची फाइल ठेवावी. फाइलच्या नावात वर्ष आणि क्रमांक घालावा. दरवर्षी एकाच नावाने साठवले, तर नवे आमंत्रण जुने पुसून टाकते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

११/ येत्या उत्सवात एखाद्या मंडळासाठी असा प्रोग्राम लिहिणाऱ्याने दोन गोष्टी जरूर तपासाव्यात. ‘चिंचपोकळी’ नीट उमटते का? आणि चित्र साठवल्यानंतर तोच शब्द संगणकावर शोधला, तर ती फाइल सापडते का? पहिली चूक लगेच डोळ्यांना खुपते. दुसरी कळते तेव्हा विचारायला जाणती माणसे उरलेली नसतात.