हायब्रीड

जुने पुस्तक विकत घ्यायचे तर मी फारसा विचार करीत नाही. अप्पा बळवंत चौकात उभ्या उभ्या चार पाने चाळायची, वाळवी लागलेली नाही ना एवढे पाहायचे आणि पैसे काढून द्यायचे. मागच्या मालकाने समासात पेन्सिलीने काही खरडले असेल, तर तो वर नफाच! जुन्या मोटारीचे तसे नाही. मागच्या मालकाने काय खरडून ठेवले आहे, ते बॉनेट उघडूनही वाचता येत नाही. त्यातून मोटार हायब्रीड असली, म्हणजे आमच्यासारख्या मराठीच्या मास्तराची पुरी पंचाईत.

तसा हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १९६० नंतर संकरित ज्वारी आली, तेव्हा खेड्यापाड्यांतून तिला नुसते 'हायब्रीड' म्हणू लागले. उतारा भरपूर, पण भाकरीला चव नाही, अशी तिची ख्याती. गाडीची गोष्ट घरात निघाली तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न केला तो हाच : "हायब्रीड? म्हणजे भाकरी गोड लागत नाही, तीच ना?"

सासूबाईंना विनोद करण्याचा अधिकार आहे, कारण गाडी मुख्यतः त्यांच्यासाठीच हवी आहे. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावे लागते. परतताना त्यांच्या अंगात त्राण नसते. रिक्षात चढता येत नाही, आणि बोलावलेली टॅक्सी येईलच असा भरवसा नाही. पैसे आहेत, पण ते एका मुदतठेवीचे, आणि कन्या यंदा अकरावीत आहे. एवढे सांगितले म्हणजे मी दमडी दमडी का मोजतो ते वाचकांच्या ध्यानात येईल.

या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटर. ब्रेक दाबला की एरवी जी शक्ती तापून फुकट जाते, तिच्यातली बरीचशी ही गाडी विजेच्या रूपाने बॅटरीत परत भरून घेते. सिग्नलला इंजिन गप्प, आणि पुन्हा निघताना ती साठवलेली वीज कामी येते. बॅटरी विजेच्या स्कूटरच्या बॅटरीहूनही लहान. घरी तार जोडून ती भरावी लागत नाही. म्हणजे ज्या अडखळत्या वाहतुकीला आपण पुणेकर रोज शिव्या देतो, तोच हिचा खुराक! उलट, महामार्गावर एका वेगाने जाणाऱ्याला तिचा तेवढा उपयोग नाही. तेव्हा आधी गाडी पाहू नये, आपला रस्ता पाहावा.

एक फसगत मात्र टाळायला हवी. २०२२ साली आलेल्या टोयोटाच्या हायरायडरमध्ये आणि मारुतीच्या ग्रँड व्हिटारामध्ये एकाच नावाखाली दोन जाती आहेत. एक खरी हायब्रीड, जी थोडे अंतर नुसत्या विजेवर चालते. दुसरी सौम्य, जिच्यात वीज इंजिनाला केवळ हात लावते. विक्रेते दोघींनाही सरसकट 'हायब्रीड' म्हणतात. व्याकरणात आम्ही अशा चुकीला अर्धा गुण कापतो. इथे लाखांचा फरक पडतो.

मी पाहिलेली हायरायडर २०२२ ची, खऱ्या जातीची, ४६,००० किलोमीटर चाललेली. कंपनीच्या कागदावर तिचा लिटरमागे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरचा आकडा आहे. मी वीसच धरले. साधी पेट्रोलगाडी माझ्या रस्त्यावर अकरा देते. कॉलेज आणि इस्पितळ मिळून वर्षाला ९,००० किलोमीटर, लिटरला शंभर रुपये : बचत साधारण ३७,००० रुपये. बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, म्हणजे २०३० पर्यंत. चार वर्षांची बचत धरली तर दीड लाखाच्या आत. मालक मात्र तेवढ्याच जुन्या पेट्रोलगाडीपेक्षा सव्वादोन लाख जास्त मागत होता. हमी संपल्यानंतरच्या बचतीचे पैसे आज मोजून द्यायला मी तयार नाही. तेव्हा नवी बॅटरी घालावी लागली तर ती काही मालक घालून देणार नाही.

किंमत बाजूला ठेवली तरी तपासणी उरतेच. बॅटरीची परीक्षा कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करून घ्यायची. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीने, कितीही जिवाभावाचा असला तरी, त्या नारिंगी तारांना हात लावू नये, कारण त्यांतून जाणारा दाब जीवघेणा असतो. सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत की नाहीत, बॅटरीला हवा जाण्याची जाळी धुळीने बुजली आहे का, गालिच्याखाली पुराच्या पाण्याचा गाळ किंवा गंज आहे का, हेही पाहायचे. या गोष्टींना वेळ लागतो, आणि विक्रेत्याला नेमकी घाई असते.

सासूबाईंना मी एक फेरी मारून आणले. सीटची उंची त्यांना जमली. न वाकता बसता आले, न ओढता उतरता आले. हा मुद्दा माझ्या हिशेबात कुठेच नव्हता. तो धरून मी दीड लाखावर आणखी वीस हजार चढवले, बॅटरीच्या तपासणीचा कागद चांगला आला तरच, अशी अट घातली, आणि मालकाला आकडा सांगितला. "मिसेसना विचारून रविवारी कळवतो," असे तो म्हणाला. आज शुक्रवार आहे, आणि ठेव मी अजून मोडलेली नाही.