पाटणादेवीची सोपी वाट

आमच्या सोनगीरच्या बायकांचा प्रवास तीन कारणांनी होतो : लग्न, मयत आणि दवाखाना. फार झाले तर उरूस. गावाला लागूनच किल्ला आहे, चढ काही फार नाही, पण ज्यांचा जन्म इथेच गेला अशा कितीतरी आया वर गेलेल्या नाहीत. "डोंगरावर आपलं काय काम?" हा त्यांचा साधा सवाल. म्हणून सातवीच्या मुलींची सहल ठरवताना आम्ही तिघी शिक्षिकांनी अटच घातली, की आयांनीही यायचे. आणि जागा अशी, की गुडघेदुखीवाल्या खालाही मागे राहू नयेत.

जागा ठरली पाटणादेवी. चाळीसगावपासून अठरा किलोमीटर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीत. नाव ऐकताच एक अम्मी म्हणाल्या, "बाजी, देवीच्या ठिकाणी आपल्या मुलींना कशाला नेता?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. आम्ही म्हटले, "तिथे एका गणितज्ञाच्या नावाची शाळा होती, ती जागा दाखवायची आहे. तुम्ही सोबत चला, जे पटणार नाही तिथे थांबा." त्या आल्या.

2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तो मोठाच आधार. सोनगीर ते धुळे, धुळे ते चाळीसगाव, पुढे काळीपिवळी. चाळीसगाव आयांना ठाऊक होते ते पीर मुसा कादरी बाबांच्या दर्ग्यामुळे. फातेहा झाला. स्टेशनजवळ केकी मूस यांचे घर आहे. हा पारशी छायाचित्रकार वर्षानुवर्षे घराबाहेर न पडता काम करीत राहिला आणि 1989 साली तिथेच वारला. मुलींना हे भलतेच नवलाचे वाटले. आयांना वाटले नाही.

पाटणादेवीला गाडीतून उतरले की तिन्ही बाजूंनी उंच कडे आणि मधे सपाट दरी. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा हा भाग. डोंगरी नदीच्या काठाने झाडीतून वाट जाते. पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांकडेही इथून पायवाट चढते, पण ती दमछाक करणारी. ज्यांना शिखरे मोजायची हौस आहे त्यांनी खुशाल जावे. आम्ही काठाकाठाने चाललो. कोणी बुरखा सावरीत, कोणी चपला हातात घेऊन. नवरात्रातली गर्दी डिसेंबरात नसते. जोहरची नमाज आयांनी नदीकाठीच पढली आणि मग कळण्याची भाकरी, ठेचा.

इथल्या देवळातला शिलालेख 1207 च्या सुमाराचा. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याला मिळालेल्या देणगीची ही नोंद. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा काही हिस्सा शाळेला, असा करार; आणि हा भाग जुन्या मराठीत. पटसंख्येच्या तक्त्यांवर आयुष्य काढणाऱ्या आम्हाला हे वाचून हेवा वाटला.

भास्कराचार्य 1114 चे, 'लीलावती' 1150 ची, म्हणजे वय छत्तीस, जवळपास आमच्याएवढे! (आम्ही अजून बीएडच्या फाइली सांभाळतोय.) 1587 साली अकबर बादशहाच्या हुकमावरून फैजीने 'लीलावती' फारसीत आणली. पुढे चारच वर्षांनी हाच फैजी वकील म्हणून बुऱ्हाणपूरला राजा अली खान फारुकीच्या दरबारी आला, म्हणजे आपल्याच खानदेशात. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, ही प्रसिद्ध गोष्ट आपल्याला मिळते तीही फैजीच्या फारसी प्रस्तावनेत. लग्नाचा मुहूर्त मोजायला पाण्यावर भोकाचे घटिकापात्र सोडले होते. मुलगी वाकून पाहायला गेली, दागिन्यातला मोती पडून भोक बुजले, मुहूर्त टळला. बापाने मग तिच्या नावाने हिशेबाचे पुस्तक लिहिले.

गोष्ट खरी की रचलेली, यावर विद्वान बोलोत. तांब्या-पितळेच्या ठोक्यांत वाढलेल्या आमच्या मुलींना ते पात्र लगेच डोळ्यांपुढे दिसले. "तळाला भोक किती बारीक, बाजी?" हा पहिला प्रश्न. आमच्या वर्गात आजही गुणाकाराला ज़र्ब आणि भागाकाराला तक़सीम म्हणतात. ते पुस्तक आपल्या जबानीत साडेचारशे वर्षांपूर्वीच येऊन गेले, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मग त्यातलेच एक गणित दिले. नऊ हात खांबावर मोर, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ. साप बिळापासून सत्तावीस हातांवर आहे. दोघे सारखेच अंतर कापून भेटतात, तर बिळापासून किती हातांवर? वाळूत रेघा ओढल्या गेल्या. एकीने मुसल्लस काढला आणि बारा म्हणाली. उरलेल्यांनी ताळा केला : सापाचे पंधरा, मोराचेही पंधरा, नऊचा वर्ग आणि बाराचा वर्ग मिळून दोनशे पंचवीस. बरोबर.

ही मुलगी त्याच अम्मींची. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी धुळ्याला रोज जावे लागते. घरात तिच्या निस्बतीची बोलणी चालू आहेत. परतीच्या एसटीत अम्मी आमच्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ गप्प होत्या. मग विचारले, "धुळ्याची सकाळची गाडी किती वाजता असते? आणि संध्याकाळची अंधाराआधी येते का?" आम्ही वेळा सांगितल्या. जूनला अजून चार महिने आहेत.